कोबीच्या शेतातले आठ कप

बुधवार, १३ नोव्हेंबर

मुंगीबाई,

तुझं पाकीट आलं तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. पोस्टमनने हाक मारली, मी हातातली चादर अर्धी दोरीवर टाकून धावले, ती वाऱ्याने मातीत पडली आणि पुन्हा धुवावी लागली. धुताना मी हसत होते, म्हणून तुझी आई बघायलाच आली काय झालं म्हणून. दोन वर्षं आणि चार महिन्यांनी तुझं अक्षर दिसलं. तिने ते लांबूनच ओळखलं, पण हात लावला नाही. म्हणाली, नाव तुमचं आहे, तुम्हीच उघडा. मी कात्रीने कड कापली. असं पाकीट फाडवत नाही.

चार वेळा वाचलं. एकदा अक्षरं लावत, एकदा नीट, एकदा तुझ्या आईला ऐकवत आणि एकदा उगाच. माझी शाळा तिसरीत सुटली. बाकीचं सगळं तुझ्या अभ्यासाला समोर बसून उचललेलं आहे, तेव्हा या पत्रातल्या चुका तुझ्याच शिकवण्यातल्या धर.

तुला मी कामाची वाटते हे वाचून माझी मान अशी ताठ झाली म्हणून सांगू. या घरात मला आता कुणी काम सांगत नाही. भाजी निवडायला घेतली की तुझी आई म्हणते, राहू द्या, तुम्हाला अळी दिसत नाही. आणि तू कॉलेजच्या अभ्यासासाठी मला सांगतेस, आजी, कोबीच्या शेतात आठ कप पुर, काठ जमिनीच्या बरोबरीला ठेव, अर्ध्यापर्यंत साबणाचं पाणी घाल, दर सोमवारी गाळ, काय काय पडलं ते मोज, स्पिरिटच्या बाटलीत घाल आणि पाठव. तू काढून दिलेलं चित्र मी पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलं आहे. पीठ काढताना रोज आठ गोल दिसतात.

तुझ्या बाबाला खरं सांगितलेलं नाही. तुझं नाव घेऊ नका असं तो म्हणत नाही, पण कुणी घेतलं की उठून जातो. तू घर सोडलंस त्या दिवशी भाजीचा व्यापारी दारात ट्रक लावून उभा होता आणि तू त्याच्यासमोर म्हणालीस, आमच्या घरात हा कोबी शिजत नाही, आमच्यासाठी घरामागे वेगळा वाफा आहे, त्यावर औषध मारत नाहीत. आता यात खोटं काहीच नव्हतं. सगळेच वेगळा वाफा ठेवतात, व्यापाऱ्यालाही ते माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि पोटच्या पोरीने चारचौघांत बोलून दाखवणं वेगळं. बाबा म्हणाला, शेत विषारी वाटतं ना, मग त्यावरचं खाऊ नकोस. तूही त्याचीच. संध्याकाळच्या आत पिशवी भरलीस. मी दोघांच्या मध्ये उभी होते, आणि मला काय सुचलं तर म्हटलं, आधी जेवून घ्या.

कप पुरताना त्याने विचारलंच, हे काय चाललंय. म्हटलं, गोगलगायी धरते. तो म्हणाला, या शेतात गोगलगाय शिल्लक असेल तर मला दाखव, तिचा सत्कार करू. तुझा बाबा विनोद करतो तेव्हा तोंड सरळ ठेवून करतो, तुला माहीतच आहे.

पहिल्या सोमवारी जरा गडबड झाली, पाणी कमी पडलं की काय कोण जाणे, ते सोड. परवाच्या सोमवारचं लिहिते. काळे चकचकीत भुंगेरे अकरा. कोळी सात, त्यातला एक पाठीवर पिल्लं घेतलेला. गोम एक. ठिपक्यांचे लाल ढालकिडे चार. दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर बाटली घेऊन येतोय, त्याला चहा पाज.

तुझी आजी


सोमवार, ९ डिसेंबर

मुंगीबाई,

इतक्या लवकर उत्तर, आणि तेही दोन पानी. आता पोस्टमन मला लांबूनच हात दाखवतो.

तू लिहितेस, तुझ्या सरांनी आकडे दोनदा तपासले. दर चौथ्या दिवशी फवारणी होते त्या शेतात इतके भुंगेरे आणि कोळी अजून कुठेच मिळाले नाहीत, बाकीच्या नऊ शेतांत कप जवळजवळ कोरडेच निघतात, असं असूनही आपल्या शेतात एवढे, हे कोडं आहे म्हणे. आणि तू मला आता सहायक म्हणतेस. मी तुझ्या आईला सांगितलं, यापुढे माझ्याशी जपून बोल, मी सरकारी नसले तरी कॉलेजची माणूस आहे. ती हसली. ती हसताना तोंडावर हात न धरता पदर घेते, बोटं दिसू नयेत म्हणून. औषध मारल्यावर दुसऱ्याच दिवशी ती कोबीची खालची पानं काढायला जाते, तर नखांच्या कडेने कातडी सोललेली असते. मलम लावते. असो.

तुझा प्रश्न वाचला. ढालकिडे तर पानावर असतात, जमिनीतल्या कपात कसे पडले. आता मी काय सांगणार, पाय घसरला असेल. आम्ही म्हातारी माणसं अंगणात घसरतो, तो तर पानावर फिरतो. पुढे विचारतेस, आजी, सगळे शेतातल्या कपातलेच आहेत ना. अगं, कप कुठे पुरायचे ते तूच चित्र काढून दिलंस, आणि तिथेच आहेत, मोजून सतरा पावलांवर एक. हवं तर ड्रायव्हरला विचार, त्याने कप बघितलेत. त्याला वाटलं मी पाण्याची पाइप शोधतेय.

एक मात्र तुला सांगते, पुस्तकात नसेल. काळा भुंगेरा मागून हाताला लागत नाही. तो पळतो फार. पुढून हात आडवा ठेवायचा, मग तो स्वतःच चढतो, आणि चढल्यावर बोटाला असा घाण वास सोडतो की तीन वेळा हात धुतला तरी जात नाही. म्हणजे धरायचा झाला तर.

बाबा बरा आहे. खोकतो. पाठीवर पंप घेऊन ओळीतून उलटा चालत येतो, म्हणजे औषध तोंडावर येत नाही असं त्याचं म्हणणं, पण वाऱ्याला कुणी सांगायचं. शर्ट वेगळा धुतो आम्ही. मागच्या आठवड्यात पांढऱ्या माशीसाठी दोन औषधं एकत्र केली, दुकानदाराने सांगितलं म्हणून. त्या दिवशी शेतात इतकं गप्प होतं. पाखरंसुद्धा वरून सरळ गेली, उतरली नाहीत. मी सोमवार नसताना उगाच एक फेरी मारून आले.

या खेपेचे आकडे. भुंगेरे चौदा, कोळी नऊ, गोमा दोन. ढालकिडे यावेळी नाहीत, त्यांनी नीट चालायला सुरुवात केलेली दिसते.

तुझी सहायक


शुक्रवार, ३ जानेवारी

माझ्या बाये,

आधी बसून घे. बसलीस का? तुझा बाबा तुला बोलावतोय.

झालं असं. भाजीवाल्या शेतकऱ्यांची बैठक होती, तिथे तुमचे सर येऊन बोलले. दहा शेतांची माहिती दिली, शेतांची नावं घेतली नाहीत. पण एका शेताबद्दल म्हणाले, भरपूर फवारणी होऊनही इथे उपयोगाचे किडे टिकून आहेत, का ते अजून समजायचं आहे, आणि हे काम माझी विद्यार्थिनी करते आहे. पुढे तुझं नाव. बाबा मागच्या ओळीत होता. औषधांच्या दुकानाचा मालक पुढच्या. बैठक संपते न संपते तोच दुकानदाराने त्या भाषणाचा कागद मागून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी तो दुकानाच्या काचेवर चिकटवलेला होता. 'अजून समजायचं आहे' ही ओळ दुमडून आत घातलेली.

बाबा घरी आला तो थेट माझ्याकडे. म्हणाला, तुझ्या गोगलगायींचे कप दाखव. मला वाटलं, संपलं. पण तो कपाजवळ उकिडवा बसून राहिला. मग विचारलं, तिची पत्रं कुठे आहेत. मी डब्यातून काढून दिली. पायरीवर बसून त्याने सगळी वाचली, तू काढलेलं चित्रही बघितलं. तुझी आई दाराआड उभी होती, मी तिला खुणेने सांगत होते की काही बोलू नकोस, आणि ती मला तेच सांगत होती.

पत्रं परत देत तो म्हणाला, "लिही तिला. म्हणावं, ये. माझ्या शेताला विष म्हणाली होती, आता स्वतःच मोजून बघितलं ना? मी काही मनात ठेवलेलं नाही."

एवढं बोलून पंप धुवायला गेला. पण शीळ घालत गेला, बाई. दोन वर्षांत मी ती ऐकली नव्हती.

तुझी आई तुझी गादी उन्हात टाकते आहे, आत, बाहेर, आत, बाहेर, जसं काही तू आजच येतेस. मी माझी जागा खिडकीकडून भिंतीकडे घेतली, तुला खिडकी लागते. महिनाअखेरीस ये म्हणतोय तो, तोवर कोबी निघालेला असेल.

त्याने फवारणी आता तिसऱ्या दिवसावर आणली आहे. आजूबाजूचेही आणत आहेत. काच सगळ्यांनीच वाचली.

सोमवारचे आकडे कमी आहेत. भुंगेरे पाच, कोळी तीन. मला दिसेनासं झालं असेल. थंडी आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी आजी


मंगळवार, २१ जानेवारी

मुंगे,

हे पत्र वाचून झालं की सरांना दाखव. मला नंतर रागव, पण आधी दाखव.

पहिल्या सोमवारी कपात पाणी कमी पडलं नव्हतं. पाणी होतं तेवढंच होतं. आठ कप गाळले आणि गाळणीत मातीचे दोन खडे आले. मुंगीसुद्धा नाही. मी तिथेच बसले. डोळे गेले म्हणून चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. तुझ्या लहानपणी याच शेतात तू मुंग्यांच्या मागे रांगत जायचीस आणि तुला शोधायला आम्हाला मुंग्यांची रांग धरून जावं लागायचं.

आपल्या घरातून कुणाचं भांडं रिकामं परत गेलेलं तू पाहिलं आहेस? शेजारणीची वाटी असो नाहीतर दुधवाल्याचा डबा, त्यात काहीतरी घालूनच दिलंय, निदान चार शेंगा तरी. माझ्या हाताला ती सवयच. आणि तू इतक्या दिवसांनी माझ्याकडे काहीतरी मागितलं होतंस. मला वाटलं, रिकामी बाटली बघून तू म्हणशील, आजीकडे काही मिळत नाही, आणि पुढचं पत्र येणार नाही. किंवा म्हणशील, बघा, मी सांगत होते, आणि बाबापर्यंत ते गेलं की पुन्हा तेच. म्हणून मी घरामागे गेले. आपल्या वाफ्यात औषध नाही, तिथे सगळं होतं. दगड उचलला की भुंगेरा, पालेभाजीत कोळी, शेंगांच्या वेलावर ढालकिडे. डब्यात धरून आणले आणि शेतातल्या कपात एकेक सोडले. कपातून गाळले म्हणजे कपातलेच झाले, अशी मी माझी समजूत घातली. ढालकिडे मी दिसायला छान म्हणून घातले होते. तिथे तू मला पकडलंच होतंस. मी थट्टेवर नेलं.

दहा सोमवार केलं असं. पहिले सहा सोमवार मिळत होते. मग दगड उचलायचा आणि खाली नुसती ओल. मी वाटेल तिथे हात घातला, बुंध्यात, पाचोळ्यात, भिंतीच्या फटीत. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही की हे संपतायत. मला वाटलं, लपतायत.

मग वेलावर मावा आला. आधी एका शेंड्याला, मग आठ दिवसांत सगळा वेल काळा आणि चिकट. इतकी वर्षं त्या वाफ्यात मावा कधी टिकला नाही. तूच सांगायचीस मला, ढालकिडा दिवसाला किती मावा खातो ते, आणि मी म्हणायचे, माझ्यापेक्षा जेवतो की गं. तो खाणारा मी साबणाच्या पाण्यात बुडवून तुला पाठवला.

तुझ्या आईने फडक्याने पुसून बघितलं, राख टाकली. जाईना. परवा सकाळी बाबा पंप घेऊन घरामागे आला. मी वाटेत उभी राहिले. म्हटलं, इथे नको, हे आपण खातो.

तो म्हणाला, "आई, आता कशाला घाबरतेस? तुझ्या नातीनेच शिकून सांगितलंय, काही होत नाही म्हणून."

किती मायेने म्हणाला. तुझा त्याला किती अभिमान आहे ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी बाजूला झाले.  त्याने पूर्ण वाफा मारला, भिंतीपर्यंत. काल त्यातलीच भाजी शिजली. तुझ्या आईने तीन पाण्यांनी धुतली, आणि ताट समोर आलं तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. बाबा जेवत होता. आम्हीही जेवलो.

त्याला मी अजून सांगितलेलं नाही. आज सांगणार आहे, हे पत्र ड्रायव्हरच्या हातात दिल्यावर, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. तू यायची तारीख तुझ्या आईने भिंतीवर लिहून ठेवली आहे. त्याला कळलं की काय होईल ते मला दिसतं आहे. पण तुझ्या नावावर तो तेवढं औषध पितो आहे आणि आजूबाजूचे सगळे पितात, हे मी रोज बघू शकत नाही.

सरांना सांग, मुलगी खोटी नाही, म्हातारी खोटी आहे. यायला सांगितलंत तर मी येऊन तोंडावर बोलेन. ड्रायव्हर पुढच्या सीटवर बसवून आणेल म्हणतो.

आजी


सोमवार, १० फेब्रुवारी

मुंगे,

तुझी चिठ्ठी पोचली. तीनच ओळी होत्या, पण होत्या. सरांनी तो कागद मागे घेतला आणि तुझं काम एक वर्षाने पुढे गेलं, हे वाचलं. त्यावर मी काय लिहू. चार दिवस लिहायला बसते आणि उठते. तुझी शेवटची ओळ, "आजी, पुन्हा आठ कप पुर, काही नसलं तर काही नाही असंच लिही," ती मी चित्राच्या खाली चिकटवली आहे.

बाबाला मी त्याच दिवशी सांगितलं होतं. तो शर्टाची बटणं लावत होता. सगळं ऐकून घेतलं. वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने विचारलं, "म्हणजे आधी ती बोलली होती तेच खरं?" मी हो म्हटलं. म्हणाला, मग ती येणार नाही. म्हटलं, तू बोलाव, येईल. त्याने उरलेली बटणं लावली. पंप पाठीवर घेतला आणि गेला. तिसरा दिवस होता, आणि कोबी भरत आला होता, आता थांबलो तर दोन रात्रींत अळी सगळं खाईल म्हणाला. थोपवायला शेतात आता दुसरं कुणी नाही, हे त्याला माझ्यापेक्षा नीट कळतं. शीळ नाही.

दुकानदाराला मी स्वतः जाऊन सांगितलं, तो कागद काढ. त्याने विचारलं, तुम्ही कोण. म्हटलं, त्या कागदातलं काम करणारीची मी सहायक. त्याने काढला नाही. मी नखाने एक कोपरा सोलून आले.

घरामागच्या वाफ्यात तुझी आई आता काही लावत नाही. पाणी मात्र घालते. मी विचारलं, कशाला. म्हणाली, सवय.

आजचे आकडे लिहिते. माझे डोळे कमी पडतील म्हणून गाळणी तुझ्या आईकडून दोनदा बघून घेतली, तिनेही सही केली आहे, कागदाच्या मागे आहे ती.

पहिला कप, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसरा, काही नाही. चौथा, पाणी आटलेलं, काही नाही. पाचवा, एक कोळी, लहान. सहावा, काही नाही. सातवा, काही नाही. आठवा, काही नाही.

पाचव्याचा कोळी पाण्यात बुडालेला नव्हता. कपाच्या काठाशी मातीवर पडला होता, पाय पोटाशी घेतलेले, आधीच मेलेला. मी तो आत टाकला नाही. कागदात गुंडाळून वेगळा पाठवते आहे. मोजायचा की नाही, ते तू ठरव.

आजी